अक्कांचा माल

अक्का कोणतीही वस्तू हातातून सोडताना तिच्यामागे आपला शब्द लावून देत. शेंगाचटणीचा डबा असो, शेजारणीने मागून नेलेली विळी असो, की कुणाच्या मुलीला सुचवलेलं स्थळ असो, "खराब निघालं तर मला आणून दे, गावभर सांगत बसू नको," हे वाक्य वस्तूबरोबरच उंबऱ्याबाहेर पडे. गल्लीने त्यांचं नाव 'गॅरंटी अक्का' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. या बाईला लाज वाटण्यासारखी गोष्ट जगात एकच होती, ती म्हणजे परत आलेला माल.

आमचं घर त्यांच्या बरोबर समोर. सोलापूरच्या पूर्वेकडची ती विणकरांची वस्ती. त्यांच्या घरात तेलुगू चाले, आमच्याशी मराठी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही एकदम. अक्का चटणी करून नवी पेठेतल्या दोन दुकानांना आणि काही खानावळींना देत. शेंगदाण्याचं पोतं आलं की वरचा एक दाणा आणि तळाचा एक दाणा चावून बघत. दुकानदार मुलायम हसला तर मधला एक जास्तीचा चावत. एकदा एका खानावळीतून चटणी खवट लागल्याचा निरोप आला. अक्कांनी ती तर परत घेतलीच, शिवाय त्याच दिवशी कुटलेली चटणी ज्यांनी ज्यांनी नेली होती त्यांच्या दारी जाऊन, अर्धे उष्टे डबेसुद्धा परत आणले. कुणाचीही तक्रार नव्हती. आमच्या आईने तर डबा द्यायला नकार दिला. "चांगली आहे हो अक्का, आम्ही खातोय की!" अक्का म्हणाल्या, "तुमची जीभ चांगली हाय वहिनी, चटणी न्हाय." पुढचे काही दिवस त्या ओट्यावर दिसल्याच नाहीत.

स्थळांच्या बाबतीतही हाच नियम होता, हे सांगितलं तर अतिशयोक्ती वाटेल. नात्यातल्या एका मुलीचं लग्न त्यांनी जुळवलं आणि नवरा दारुडा निघाला. मुलीचे आईवडील नशिबाला दोष देत बसले होते. अक्का रिक्षा करून गेल्या, मुलीला तिच्या पेटीसकट स्वतःच्या घरी घेऊन आल्या आणि शिवणकामाच्या कारखान्यात ती रुळेपर्यंत तिला सांभाळलं. "दिलं होतं मीच ना? मग परत कोण घेणार?" एवढाच त्यांचा युक्तिवाद. मला तो तेव्हाही सदोष वाटे. मनुष्य म्हणजे पोत्यातला दाणा नव्हे, हे मी त्यांना एकदा समजावूनही सांगितलं होतं. "व्हय ग सायंटिस्ट," त्या म्हणाल्या, "दाणा बरा. चावून तरी बघता येतो."

त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, चादरींच्या नक्षीचे आराखडे काढत. चौकटींच्या मोठ्या कागदावर एकेक घर रंगवायचं; एक घर म्हणजे एक धागा. बहुतेक कारखान्यांत हे काम आता संगणकावर होतं, पण काही जुने मालक काकांच्याच हातचा मोर मागत. काका अत्यंत मितभाषी होते. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मी शाळेत होते. अक्कांचं जुळलं आणि अक्कांनी आपलं एक दिलं. शस्त्रक्रियेहून परतल्यावर त्यांनी गल्लीत जो थाट मिरवला, तो एखाद्या दात्याचा नव्हता. उत्तम माल वेळेवर पोचवलेल्या व्यापाऱ्याचा होता. सकाळी चहा देताना त्या तेलुगूतल्या 'अहो'ने सुरुवात करून मोठ्याने विचारत, "एमंडी, माझा माल बरा चाललाय न्हवं?" आणि काका कागदावरून मान न उचलता म्हणत, "झकास. तुझ्यासारखाच. दिवसभर राबतो, फक्त गप बसत न्हाय." हा संवाद आम्ही अनेक वर्षं समोरच्या ओट्यावरून ऐकला.

मी जैवरसायनशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण पुण्यात संपवून, परदेशातल्या प्रवेशाची वाट पाहत घरी येऊन राहिले होते, त्या उन्हाळ्यात काकांचं दुखणं परतलं. पायांवर सूज आली, मग चेहऱ्यावर. तपासण्या झाल्या आणि दिलेलं मूत्रपिंडही थांबत चाललं असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आता पुन्हा डायलिसिस. मी सोबत गेले होते. अशा वेळी माणसं विचारतात की किती दिवस, किती त्रास, पुढे काय. अक्कांनी विचारलं, "म्हणजे माझी किडनी खराब निघाली?" डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळले होते. ते "तसं काही नसतं हो" म्हणाले. या उत्तराने काही साधण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसापासून अक्कांच्या डब्यामागचं वाक्य बंद झालं. त्या चटणी देत आणि गप्प राहत. गल्लीने ते लगेच टिपलं. थोरल्या दिरांपुढे त्या भिंतीला धरून उभ्या राहत. जणू खोटा माल देऊन त्या घराला फसवलं होतं. सोलापूरचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे कमी जणांना माहीत असतं. काकांचं पेलाभर पाणी दिवसभर पुरवायचं म्हणून अक्का त्यांना बर्फाचा तुकडा चोखायला देत. स्वतः मात्र मागच्या न्हाणीत जाऊन, दार लावून पाणी पीत. एकदा मी अचानक मागे गेले, तर तांब्या तोंडाला लावलेला. चोरी पकडल्यासारखा त्यांनी तो खाली ठेवला. "तहान लागती ग," त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की त्यांनी पाणी न पिऊन काकांना काहीही फायदा होणार नाही. वाक्य अचूक होतं. ते बोलून झाल्यावर मला प्रथमच माझ्या अचूकपणाची शरम वाटली.

आठवड्यातून तीन वेळा रिक्षा येई आणि सात रस्त्याच्या गर्दीतून आम्ही डायलिसिसच्या दवाखान्यात जात असू. अक्का पदराने काकांच्या डोक्यावर सावली धरत, आणि रिक्षावाला आरशातून बघत नसल्याची खात्री करून त्यांच्या पायाची सूज अंगठ्याने दाबून बघत. यंत्राला जोडलेलं असताना काका छताकडे पाहत, आणि अक्का काकांकडे न पाहता नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे पाहत. "आता यंत्र करतंय ते काम," एकदा त्या मला हळूच म्हणाल्या. "मी दिलेलं काम करंना म्हणून."

उन्हं उतरल्यावर एकदा आम्ही तिघं त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. अक्कांच्या ओटीत लसूण होता, हातात सुरी. त्या एकदम म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. माझ्या आईला साखर होती. तीच खोट माझ्यातून यांच्यात गेली का?"

मला असा प्रश्न आवडतो. मी व्यवस्थित समजावलं. देण्याआधी त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, अवयव निरोगी होता. शरीर त्याला परका समजून त्याच्यावर हल्ला करतं, आणि तो हल्ला थोपवायला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात.

"गोळ्या तर हे घेतात की. एक चुकली न्हाय."

"गोळ्या घेऊनही कधी कधी होतं, अक्का."

"म्हणजे खोट माझीच."

"चुकली," काका म्हणाले.

आम्हाला वाटलं लसणाबद्दल काही म्हणताहेत. अक्कांनी सुरी थांबवली.

"दोन घ्यायच्या तिथं एकच घेत होतो. लई दिवस. हात कापायचा त्या गोळीनं. घर भरायला जावं तर रंग शेजारच्या घरात. मोराची मान वाकडी यायची." ते स्वतःच्या बोटांकडे पाहत होते. "रक्त तपासायच्या आधी आठवडाभर पुऱ्या घ्यायचो. म्हणून डॉक्टरला कळलं न्हाय."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "असं केल्यानं होतं का ग हे?"

"होतं. बहुतेक त्यामुळेच झालं असावं."

'बहुतेक' हा शब्द मी काळजीपूर्वक वापरला होता. अक्कांच्या कानापर्यंत तो पोचला नाही. त्यांचा चेहरा उजळत गेला, तसा मी कुणाचाही उजळताना पाहिलेला नाही. त्या उठल्या, ओटीतल्या पाकळ्या ओट्यावर विखुरल्या. "म्हणजे माझी चांगली होती!" त्या म्हणाल्या. मग रस्त्यात जाऊन, आमच्या आईला हाक मारून, "वहिनी! ऐकलं का? माझा माल चोख होता! यांनीच औषध खाल्लं न्हाय!"

बायका जमल्या. मला विचारू लागल्या. मीही ओट्याची पायरी उतरले आणि गोळीचं रक्तातलं प्रमाण म्हणजे काय, तपासणी कशी फसवता येते, अर्धवट मात्रेचा परिणाम मंद गतीने कसा होतो, हे सर्व पायरीपायरीने विशद केलं. एवढी माणसं माझं ज्ञान एवढ्या लक्ष देऊन ऐकत आहेत, याचा मला आनंद होत होता. काका आमच्यामागे, हातभर अंतरावर बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी थोरले दीर आले. ते नवी पेठेतल्या कापड दुकानात बसत आणि तिथल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशाच आवाजात सर्वत्र बोलत. "बायकोनं पोट फाडून दिलं, आणि तू मोराच्या मानेसाठी घालवलंस? मोर येणार हाय का तुला उचलायला?" रस्त्यावरून जाणारे थांबून ऐकू लागले. अक्का दारात उभ्या होत्या. कालचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत असलेला मला समोरून दिसत होता.

त्यानंतरच्या वेळी रिक्षा आली तेव्हा काका उठलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिचं एक घालवलं. आता तिचे दिवस कशाला घालवू?" अक्कांनी चेष्टा करून पाहिली, रागावून पाहिलं, तेलुगूत पाहिलं. रिक्षा रिकामी गेली. पुढचीही गेली. काकांना आडवं झालं की श्वास पुरेना. उशीला टेकून बसून राहत. हे आणखी किती चालू शकतं याचा अंदाज त्या घरात फक्त मला होता, आणि कुणी विचारलं नाही म्हणून तो मी सांगितला नाही.

अक्का आमच्या मागच्या दाराने आल्या. पुढच्या दाराने न येण्याची ही पहिलीच वेळ.

"पोरी, तू परत सांग सगळ्यांना."

"काय?"

"की माझीच खराब होती."

"अक्का, ते खरं नाही."

"मला माहीत न्हाय व्हय? माझ्या पोटातली वस्तू, मला माहीत न्हाय?"

मी म्हणाले की मला असं करता येणार नाही. मी ज्या विषयात काम करणार आहे त्यात चुकीचं विधान जाणूनबुजून करणं ही साधी गोष्ट नाही. अक्कांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. "कोण विचारणार हाय तुला? विद्यापीठ येणार हाय व्हय आमच्या गल्लीत?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जन्मभर खराब मालाला चांगलं म्हटलं न्हाय मी. चांगल्याला खराब म्हणणं, ते तर एकदा करू दे."

संध्याकाळी त्यांनी दिरांना आणि चार घरांना चहाला बोलावलं. काकांना उशीला टेकवून बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. चहा वाटून झाल्यावर अक्का, कुणी न विचारता, म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरांना परत दाखवलं. माझ्याच किडनीची नस बारीक होती म्हणे, जन्मापासनं. गोळ्या पुऱ्या खाल्ल्या असत्या तरी टिकली नसती. उगंच यांना बोललो आपण."

मान खाली घालून त्या हे बोलत होत्या. त्यांची लाज मी आजवर पाहिली होती ती खरी होती; हीही खोटी नव्हती, एवढंच मी सांगू शकते. फक्त ही त्यांनी स्वतः उचलून अंगावर घेतली होती.

दीर माझ्याकडे वळले. "पण ही तर त्या दिवशी..."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. काकाही.

"माझं चुकलं होतं," मी म्हणाले. "पूर्ण माहिती नसताना बोलले मी. अक्का म्हणतात ते बरोबर आहे."

"मग एवढं शिकून काय उपयोग?" दीर म्हणाले. बायका हसल्या. माझे कान तापले. आयुष्यात एकाही परीक्षकाने मला असं ऐकवलेलं नव्हतं, आणि ज्या चुकीबद्दल ऐकून घेत होते ती मी केलेलीच नव्हती. जी केली होती, सर्वांदेखत पायरी उतरून, तिच्याबद्दल कुणीच बोललं नाही.

सकाळी अक्कांनी दारातून विचारलं, "एमंडी, रिक्षा आलीय. उठता की उचलू?" काका उठले. हे कसं घडलं याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. खोटं त्यांना फसवू शकत नव्हतं. खरं काय ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते. मागून काकांचा आवाज आला, "कशाला सांगितलंस तसं?"

"हात कापतो म्हणून मला का न्हाय सांगितलं?" अक्का म्हणाल्या. "वाकडी झाली असती मान. वाकड्या मोराची चादर कुणी पांघरली न्हाय व्हय आजवर?"

काका रडत होते, हे मला आरशात दिसलं. रिक्षावाल्यालाही दिसलं असावं. त्याने आरसा थोडा वर केला.

पुढचं संपूर्ण वर्ष काका डायलिसिसला जात राहिले, एकही फेरी न चुकवता. गल्लीत कुणी नवीन आलं की अक्का स्वतःच सांगत, "माझीच नाजूक होती." नवी पेठेतल्या दुकानदाराने एकदा थट्टेत, "अक्का, चटणीची तरी गॅरंटी आहे ना?" असं विचारलं, तेव्हा त्या हसल्या आणि डबे मोजून देऊन बाहेर आल्या. बाहेर येऊन चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. मी परदेशी गेले. थंडीत काका गेल्याचं आईने फोनवर सांगितलं. शेवटच्या दिवसांत ते अक्कांच्या हातात हात देऊन झोपत असं ती म्हणाली. एवढ्या लांबून मला सुचलेलं सांत्वन इतकं नीटस होतं की मी ते पाठवलं नाही.

सुट्टीत घरी आले तेव्हा सामान ठेवायच्या आत अक्कांचं बोलावणं आलं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत कोपऱ्यावरच्या घरातली तरुण सून बसली होती. तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. तिचं त्याच्याशी जुळत होतं, पण सासरी आणि माहेरी दोन्हीकडे एकच म्हणणं होतं: बायकोचं टिकत नाही, अक्कांचं बघितलं ना. ती विचारायला आली होती, दिलेलं खरंच असं फुकट जातं का.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. "हिला खरं काय ते सांग," त्या म्हणाल्या. "सगळं सांग. गोळ्यांचं पण."

मी बोलायला तोंड उघडलं.

"थांब," अक्का म्हणाल्या. स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरचा काकांचा फोटो, हारासकट, उतरवला. "यांना बाहेर नेते. मग सांग."

फोटो पोटाशी धरून त्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि दार ओढून घेतलं. मी त्या मुलीला सगळं सांगितलं. या वेळी जरा हळू आवाजात, आणि 'बहुतेक' हा शब्द तिला ऐकू गेला आहे याची खात्री करून. तिने काही प्रश्न विचारले. एक प्रश्न असा होता की हात कापायला लागला तर काय करायचं. डॉक्टरांना सांगायचं, मी म्हणाले, आणि त्याच्याही आधी तुला सांगायला सांग त्याला. ती डोळे पुसून मागच्या दाराने गेली.

मी बाहेर आले. ऊन ओट्यावर आलं होतं आणि अक्कांनी पदराची सावली फोटोवर धरली होती.

"झालं सांगून?"

"झालं."

"यांचं नाव घेतलंस?"

"घ्यावं लागलं, अक्का."

त्यांनी मान हलवली. पदराच्या टोकाने काच पुसली, हार सारखा केला. मी फोटो घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो दिला नाही.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "लगेच आत न्यायला नको. कसंतरी वाटंल त्यांना."